तिसरी डोलकाठी

काकांनी छत्रीचं टोक तसबिरीतल्या कप्तानाच्या मिशीपर्यंत नेलं आणि आवाज खाली आणला.

"ओहोटी लागली की ही मिशी बोटभर खाली उतरते. भरतीला परत वर. पूर्वी बंदरातले नावाडी घड्याळ बघत नसत. आत यायचे, मिशी बघायचे, होडी सोडायचे."

धक्क्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या चित्रशाळेत एरवी या जागी हशा ठरलेला. आजची पाहुणी एकटीच होती. पस्तिशीची, पाठीला पिशवी, पायांत कोरे बूट. तिने मिशीकडे नीट पाहिलं.

"डोंगरावर कधी जायचं?"

काकांची चाळीस वर्षं वाटाड्याच्या कामात गेली होती. शहरात चित्रशाळा एक, बाजार एक, डोंगर एक. तिन्ही मिळून दुपारच्या आत संपायचे. उरलेला दिवस काका थापांनी भरून काढत. शहर केवढंसं आहे, हे त्यांच्यामुळेच आजवर कुणा पाहुण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाजारात त्यांची बहीण पाटीतल्या माशांवर पाणी शिंपडत बसली होती. तिने पाहुणीला लांबूनच हेरलं.

"ताई, आमच्या दादाच्या बोलण्यावर जाऊ नका हो! हा माणूस बघतो आणि त्याच्या मापाची गोष्ट शिवून देतो. हसऱ्याला हसायची, रडक्याला डोळे पुसायची. याची एक तरी गोष्ट खरी निघू दे, पाटीतला सगळ्यांत मोठा मासा याला फुकट!"

"तोवर मासा म्हातारा व्हायचा," पाहुणी म्हणाली.

"आणि काय रे दादा, ते तुझं बुडालेलं जहाज कुठं गेलं? दोन वर्षं झाली, कुणाला दाखवत नाहीस."

"कुजलं," काका म्हणाले आणि चालू लागले.

चढणीवर ते एक अक्षर बोलले नाहीत. पाहुणीने कारण विचारलं तेव्हा छातीवर हात ठेवून दम लागल्याची खूण केली. शेवटच्या वळणावर त्यांनी झऱ्याची वाट धरली, पण ती जागची हलली नाही.

"मला कड्यावर जायचंय. कठड्यापाशी."

कठडा लोखंडी होता, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. खाली अख्खं बंदर तळहाताएवढं दिसत होतं. पाहुणीने पिशवीतून एक वही काढली.

"माझा धाकटा भाऊ चित्रं काढायचा. दोन वर्षांपूर्वी इथूनच गेला. ही वही तेवढी कड्यावर राहिली. सगळे म्हणतात, उडी मारली." तिने पानं उलटली. "घरातून निघताना मी त्याला म्हणाले होते, रेघोट्या पुरे झाल्या, आता पोटापाण्याचं बघ. एवढंच म्हणाले होते. तेवढं पुरतं का हो कुणाला?"

शेवटच्या पानावर धक्का होता, होड्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या पाण्यात उभ्या रेघा. दोन पूर्ण, तिसरी अर्धी.

"डॉक्टर म्हणाले, मन थाऱ्यावर नसलं की हात अशा रेघा ओढतो."

काका खडकावर बसले. वही त्यांनी मांडीवर घेतली, मिटली, पुन्हा उघडली.

"या डोलकाठ्या आहेत, पोरी. खाली मोठं जहाज बुडालंय, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या दोन काठ्या दिसतात, आणि त्या पुढच्या दगडावर पाय देऊन वाकलं की तिसरीही दिसते, असं मी त्याला सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगायचो. लोक लांबूनच माना उंचावायचे, हसायचे, परत फिरायचे." त्यांनी छत्रीने कठड्यापलीकडचा दगड दाखवला. "खाली जहाज नाही. कधीच नव्हतं. त्यानं उडी नाही मारली. तो तिसरी काठी शोधत होता."

तिने वही ओढून घेतली. त्या अर्ध्या रेघेवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग ती काकांसमोर गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"म्हणजे तुम्ही त्याला पाहिलंत? त्या दिवशी? कसा होता?"

"खुशीत होता गं," काका म्हणाले. चाळीस वर्षांची सवय. जीभ आपसूक पुढे गेली. "शिट्टी वाजवत चढत होता. एवढी गोड, की झाडावरची पाखरं उत्तर देत होती."

तिचं बोट थांबलं.

"त्याला शिट्टी येत नव्हती, काका," ती म्हणाली. "जन्मतः ओठ फाटलेला होता. टाके घातले होते."

"शिट्टीचं खोटं! शिट्टी मी आत्ता घातली. बाकी सगळं..."

"असू द्या." तिने वही पिशवीत ठेवली आणि चेन नीट शेवटपर्यंत ओढली. "बाजारातल्या मावशी म्हणाल्या तसंच. माझ्या मापाची गोष्ट शिवलीत. तुमचं मन मोठं आहे."

उतरताना वाट निसरडी होती तिथे तिनेच त्यांना हात दिला. दुपारच्या बोटीने ती गेली.

काका बाजारात परतले तेव्हा पाटी अर्धी रिकामी झाली होती.

"आज एक खरी सांगितली," ते म्हणाले.

"कुठली?"

"जहाजाची. खाली जहाज कधी नव्हतंच, ही."

बहीण हसायला निघाली होती. दादाच्या तोंडाकडे बघून तिने ओले हात लुगड्याला पुसले, पाटीच्या तळाशी हात घातला आणि सगळ्यांत मोठा मासा वर काढला.

काकांनी तिचं मनगट धरलं.

"ठेव तो. पूर्ण खरी नव्हती."