आईचा थर्मोस्टॅट

बाहेर उन्हाने रस्त्याचं डांबर पाघळत होतं आणि आत उस्तादांची बायको दोन-दोन मोजे, स्वेटर आणि वर शाल अशा थाटात बसली होती. उस्तादांनी चाळीस वर्षं मोठमोठ्या कचेऱ्यांत एसी बसवले होते. मुलाच्या घरात पाय ठेवताच त्यांनी ओळखलं, की सगळ्या घराला मिळून असलेल्या एकाच मशीनचा पहिला आणि सगळ्यात गार झोत म्हाताऱ्यांच्याच खोलीत येतोय. मुलाला चारदा सांगून पाहिलं. त्याने चारदा कानाआड केलं. इकडे म्हातारीचे गुडघे असे काही धरले, की सकाळी पलंगावरून उतरायला तिला पाव तास लागायचा.

मग महिन्यापूर्वी मुलाने त्यांच्या खोलीच्या भिंतीवर गारवा कमी-जास्त करायच्या चकतीचा एक थर्मोस्टॅट बसवला. "आई, हा फक्त तुझा. हवा तसा फिरव." म्हातारी हरखून गेली. भेटेल त्याला लेकाचं कौतुक सांगत सुटली. चकती जरा फिरवली की म्हणायची, "बघा, लगेच फरक पडला."

उस्तादांना फरक काही जाणवेना. झोतापुढे नुसता हात धरून किती अंश ते सांगणारा माणूस तो, फसणार किती दिवस? एका दुपारी बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचे स्क्रू काढले. मागे वायर नव्हती. वायर यायला भोकसुद्धा नव्हतं. होती ती कोरी भिंत.

तळपाय बर्फासारखे गार पडले होते, तरी त्यांची आग मस्तकात गेली. कारण ही शक्कल त्यांची स्वतःची होती. कचेरीत एकाला उकडायचं, दुसऱ्याला हुडहुडी भरायची आणि दोघं मिळून उस्तादांचं डोकं खायची. उस्ताद दोघांच्याही टेबलाजवळ एकेक खोटा थर्मोस्टॅट ठोकून द्यायचे. दुसऱ्या दिवसापासून सगळं चिडीचूप. जेवताना हा किस्सा ते असा रंगवायचे, की घरदार पोट धरून हसायचं. त्यात मुलाचा आवाज सगळ्यात मोठा.

तो मुलगा आता हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता. उस्तादांनी ते डबडं त्याच्यासमोर आदळलं.

"हे काय आहे?"

मुलाने एक नजर टाकली. लाजला नाही, उलट हसला. "बाबा, तुम्हीच शिकवलंत की! आणि आईची तक्रार बंद झाली ना?"

"ती तुझी आई आहे. कचेरीतला कारकून नाही."

"एकोणीस अंशांच्या वर आम्हाला झोप लागत नाही. दिवसा मला काम सुचत नाही. सगळ्यांचं कसं जमवायचं?"

"सगळ्यांचं? आमच्या खोलीत हवा सोडणारी जाळी अर्धी बंद केलीस तरी भागेल. दहा मिनिटांचं काम, मी करतो."

"नको. मग झोत आमच्या खोलीत जास्त येतो, घोंघावतो. तुम्ही तेवढं परत लावून टाका. ती खूश आहे, उगाच कशाला?"

उस्ताद खोलीत आले तेव्हा बायको ओल्या केसांनी, कुडकुडत, कोऱ्या भिंतीकडे बघत उभी होती. बिघडलाय, दुरुस्तीला काढलाय, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्या उघड्या भिंतीसमोर त्यांना खोटं सुचेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेकाचं सांगितलं, तसं स्वतःचंही.

ती हळूहळू पलंगावर टेकली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली.

"मीही हसायचे तेव्हा," ती म्हणाली. "पण त्या लोकांची थंडी जायची का हो?"

उस्तादांनी कधी परत जाऊन विचारलं नव्हतं.

"तक्रार थांबायची," ते म्हणाले.

"बरं. मग मीही नाही करत आता," असं म्हणून तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली.