मुडद्याची सर्दी

दुपारचा प्रयोग न हलता पार पडला, तर त्याला वकील मिळणार होता. वकील म्हणजे अंगात काळा कोट, तोंडात पल्लेदार वाक्यं, जाहिरातीत नाव, आणि होणाऱ्या सासऱ्यांना मान वर करून सांगण्यासारखं काहीतरी. सध्या त्याच्याकडे मुडदा होता. पडदा उघडायचा तेव्हा तो दिवाणखान्याच्या मधोमध उताणा पडलेला असायचा, आणि अख्खा पहिला अंक माणसं त्याच्याभोवती रडायची, भांडायची, एकमेकांवर संशय घ्यायची. नाटक कंपनीत त्याचं नावच मुडदा पडलं होतं. वकील करणारा नट आता कंपनी सोडून चालला होता, निर्माते जातीने प्रयोगाला येणार होते, आणि दिग्दर्शकाने शब्द दिला होता, "त्यांच्यासमोर नीट मर. वकील तुझा."

एवढा घास तोंडाशी आलेला, आणि सकाळी उठला तो नाकाची धार घेऊनच.

त्याची थोरली बहीण नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नर्स. ती कामावर निघायच्या गडबडीत आणि हा टॉवेल नाकाला लावून तिच्यामागे या खोलीतून त्या खोलीत.

"ताई, हे बंद करायची गोळी दे."

"बंद कशाला करायचं? ते कामावर आलंय."

"कोण?"

"शेंबूड," ताई डबा भरता भरता म्हणाली. "नाकात एरवीही चिकट थर असतोच. धूळ, जंतू त्याला चिकटतात. आतले सूक्ष्म केस तो थर मागे घशाकडे ढकलत नेतात, आणि तू गिळून टाकतोस. रोज."

"मी?"

"तू, मी, तुझे ते निर्माते. सगळे. आता विषाणू आतल्या अस्तरात घुसलाय आणि शरीराला त्याचा पत्ता लागलाय. रक्तवाहिन्या फुगल्यात म्हणून नाक चोंदलंय. त्यांतून पाणी झिरपतंय, ग्रंथी जादा चिकटा करताहेत, लढणाऱ्या पेशी त्यात उतरल्यात. घुसलेल्याला अडकवायचं आणि धुऊन काढायचं, एवढाच उद्योग."

"म्हणजे हे त्या विषाणूचं नाही?"

"तो थेंबभरसुद्धा बनवत नाही. सगळा माल घरचा."

ही बातमी त्याला शत्रूच्या बातमीपेक्षा वाईट वाटली. "माझंच शरीर माझ्या मुळावर उठलंय म्हणायचं."

"मुळावर कसलं? जगवतंय तुला."

"पण मला आज मरायचंय ना!"

ताईने चपला घातल्या. "गोळीने वाहणं कमी होईल, पण झोप येईल. मुडदा घोरायला लागला तर लोक खुर्च्या डोक्यावर घेतील. आणि एक लक्षात ठेव, उताणा पडलास की धार मागे वळेल. सारखं गिळावं लागेल."

दार लागलं. त्याने आरशासमोर एकदा गिळून पाहिलं. त्याचा कंठमणी हा घराण्यातला सर्वांत ठसठशीत दागिना. तो वर गेला आणि खाली आला, तळमजल्याला येऊन थांबणाऱ्या लिफ्टसारखा.

नाट्यगृहात पोचल्यावर तो दिग्दर्शकाभोवती घिरट्या घालू लागला. "सर, आज नाकात कापूस घालू? मेलेल्याच्या नाकात असतो की."

"खून होऊन पाच मिनिटं झालीत. कापूस घालून कोण गेलं, खुनी?"

"मग गळ्याला मफलर?"

"भर उन्हाळ्यातला खून आहे. मेलेल्या माणसाला सर्दी होत नाही, एवढं ध्यानात ठेव आणि जाऊन आडवा हो."

पडदा वर गेला. सुरुवातीला ठीक चाललं. मग नाकपुडीत मुंगी चालल्यासारखं झालं, मग मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड. धार आतून वळली आणि घशाशी येऊन थांबली. इन्स्पेक्टर बोलत होता, घरचा वकील बोलत होता, आणि तो मनातल्या मनात वकिलाची वाक्यं म्हणत तग धरून होता. अखेर त्याने गिळलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं.

ते आणखी एकीने पाहिलं. नाटकात त्याची विधवा झालेली नटी त्याच्या आईच्या वयाची. सगळे तिला बाई म्हणत. अंकाच्या शेवटी बाईंचं मोठं स्वगत होतं, आणि लोक एकदा हसायला लागले की ते स्वगत पाण्यात जाणार, हा हिशेब त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्या केला. संहितेप्रमाणे त्यांनी तिथेच बसून हुंदके द्यायचे होते. त्या उठल्या आणि इन्स्पेक्टरचं वाक्य मध्येच तोडून प्रेतावर कोसळल्या.

"गीळ, मुडद्या," त्या कानात म्हणाल्या.

त्याने गिळलं. बाईंनी हंबरडा फोडला, चेहरा कुरवाळायच्या मिषाने रुमालाने त्याचं नाक पुसलं, आणि डोळे टिपत परत गेल्या. डोळे त्याच रुमालाने टिपले, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग बाईंना स्वस्थता म्हणून राहिली नाही. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच गिळणं अनावर होऊन त्याच्या ओठांचा कोपरा ताणला जायचा, की निघाल्या. इन्स्पेक्टरच्या नाकी नऊ आले. प्रेक्षागृहात मात्र सुई पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

मध्यंतरात निर्माते ओल्या डोळ्यांनी आत आले. "बाई, ते पुन्हा पुन्हा धावून जाणं! चेहऱ्यावरून रुमाल फिरवणं! हे कायम ठेवायचं. आणि हा," ते मुडद्याकडे वळले, "असं निपचित प्रेत मी जन्मात पाहिलं नाही."

"याला पुढच्या प्रयोगापासून वकील देतोय," दिग्दर्शक म्हणाला.

"वेड लागलंय का? वकील ढिगाने मिळतील. असा पडणारा कुठून आणाल? याला इथून हलवायचा नाही."

"पण मला वकील तोंडपाठ आहे, साहेब," तो म्हणाला आणि शिंकला.

"काळजी घ्या," निर्माते मागे सरकत म्हणाले. "तुमच्यावर नाटक उभं आहे."

वकील दिग्दर्शकाच्या मेहुण्याला गेला.

पुढच्या प्रयोगापर्यंत मुडद्याचं नाक कोरडं ठणठणीत झालं होतं, आणि बाईंचं सुरू. त्या ठरल्याप्रमाणे धावून आल्या, कोसळल्या, आणि तोंड वर करेपर्यंत त्यांच्या नाकाचा थेंब त्याच्या गालावर पडला होता.

"हलू नकोस," त्या घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या.

तिकडे काळ्या कोटात मेहुणा चाचपडत होता आणि त्याचं प्रत्येक चुकलेलं वाक्य याच्या जिभेवर तयार होतं. हिशेब करायला पडल्यापडल्या सवड भरपूर होती. कंपनीभर वाहवा झाली ती निर्मात्यांच्या पारखी नजरेची. कोट मेहुण्याला. सर्दी बाईंना. त्याच्या वाट्याचं गालावरून कानाकडे सावकाश निघालं होतं, आणि अंक संपायला अजून पुष्कळ अवकाश होता.