हाक नव्हे, हाळी

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी महानंदा थकून उभी राहिली. विसराळू झालेले तिचे वडील, आप्पा, सकाळपासून घरी नव्हते.

"आता हाळी देते," ती नवऱ्याला म्हणाली.

"मार ना हाक, अडवलंय कुणी?" पुण्याचा ध्रुव वैतागला.

"हाक अंगणापुरती असते. हाळी ओढ्यापलीकडं पोचते. हाळ म्हणजे गुरांचं पाणी प्यायचं दगडी कुंड. तिथं गुरांना बोलवायची ती हाळी, असं आप्पाच सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक."

तिनं तोंडाशी हात धरले. "आप्पाऽऽ होऽऽ!"

रिंगरोडच्या हॉर्नांनी हाळी गिळली. दुसरीही गेली. अंधारून येत होतं, पुढं नुसता गाळ. आपण कुणाचे आप्पा आहोत हेच त्यांना आठवत नसलं तर? जन्मात कधी घेतलं नव्हतं ते बापाचं नाव तिनं घेतलं.

"शिवाप्पाऽऽ! एऽऽ शिवाप्पाऽऽ!"

जलपर्णीआडून आवाज आला, "आलो गं आई! बैलं पाणी पित्यात."

मी आई नव्हे, हे ती सांगत बसली नाही. "हलू नगंस लेका, तिथंच थांब," म्हणत ती गाळात उतरली.