यशोदाबाईचा दावा

औरंगाबादच्या हायकोर्टानं सोडून दिल्यावर यशोदाबाई नांदेडला लेकीकडं आली. आता या जन्मात पुन्हा कोर्टात पाय ठेवायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

नवऱ्याला विष घालून मारलं म्हणून लातूरच्या कोर्टानं तिला जन्मठेप दिली होती. निलंगा तालुक्यातल्या गावी तिचा नवरा वीरभद्र गोठ्यात तडफडताना सापडला, शेजारी फवारणीच्या औषधाचा डबा. थोरला दीर चंद्रप्पा यानं पोलिसांना सांगितलं, "माझ्या डोळ्यानं बघितलं. हिनं चहात औषध ओतलं." पुढं तो साक्षीला उभा राहिला तेव्हा चहाचं ताक झालं. पण खालच्या कोर्टाला त्यात काही वावगं दिसलं नाही. यशोदाबाई त्या दिवशी निलंग्याच्या बाजाराला गेली होती, दुपारच्या एसटीनं परतली होती. हे सांगायला गावातलं एक माणूस पुढं आलं नाही.

ती येरवड्याच्या तुरुंगात असताना भूकंप झाला. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपलेले, पहाटे गाव खाली बसलं. तुरुंगातल्या बायका रेडिओभोवती जमल्या. गावांची नावं सांगत होते, त्यात तिच्या गावाचं आलं. तिचा मुलगा शिवू सासरच्या एकत्र घरातच चंद्रप्पाकडं राहत होता. घराण्याचा पोरगा म्हणून त्यानं त्याला ठेवून घेतलं होतं आणि पोरगी तेवढी भोकरला मामाकडं धाडली होती. शिवूचं काय झालं हे तिला कुणी सांगेना. पुढं भाऊ भेटीला आला आणि जाळीपलीकडं नुसता उभा राहिला, तेव्हा तिला कळलं. चंद्रप्पा शेतात झोपला म्हणून वाचला. त्याची बायको, दोन लेकरं आणि शिवू एकाच भिंतीखाली गेले.

लेक गीतांजली भोकरला वाढली, नांदेडला शिकली आणि तिथल्याच एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागली. त्या वर्षांत नांदेडला काय अन्‌ लातूरला काय, गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड चढत होते. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती, आणि त्यांना जेवायला घालणाऱ्या मेस निघत होत्या. यशोदाबाईला मुलींच्या एका मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं. पोरी तिला मावशी म्हणत. एखादीला ताप आला की ती तिच्यासाठी वेगळी मऊ खिचडी लावायची. कुठून आलीस, आधी काय करत होतीस, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मग निलंग्याकडचा एक बाप पोरीला भेटायला आला. जेवायला बसला, वाढणाऱ्या बाईकडं पाहिलं आणि ताटावरून उठला.

मेसचे मालक हणमंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं.

"मावशी, मला ठाऊक हाय, कोर्टानं सोडलंय तुम्हाला. पर आईबापांना काय सांगू? जेवणाचा धंदा हाय माझा."

"म्या काय केलं न्हाई, मालक."

"मी कुठं म्हणून राहिलो तुम्ही केलं म्हणून?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच आठवड्यात गीतांजलीनं आईला लातूरला नेलं. तिची मैत्रीण रुखसार तिथं वकिली करत होती. रुखसारचं घराणं लातूरच्या जुन्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारं. वकील होणारी ती घरातली पहिली. तिनं हायकोर्टाचा निकाल नीट वाचला आणि चष्मा काढला.

"काकू, यात तुम्हाला संशयाचा फायदा दिलाय. तुम्ही निर्दोष आहात असं कुठंच लिहिलेलं नाही."

"मग सोडलं कसं?"

"गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणून सोडलं. आता आपण चंद्रप्पावर दावा लावायचा, की त्यांनी खोटं ठाऊक असून, वाईट हेतूनं तुमच्यावर खटला घातला. सुटल्यापासून वर्षाच्या आत लावावा लागतो. थोडेच दिवस उरलेत." ती जरा थांबली. "पण एक सांगते. मागच्या खटल्यात तुमचा गुन्हा त्यांनी सिद्ध करायचा होता. इथं तुमचा निर्दोषपणा तुम्ही सिद्ध करायचा."

"म्हंजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

खालच्या रस्त्यावर क्लास सुटला होता, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या.

"कर," ती लेकीला म्हणाली. "मला कुठंतरी सैपाक करून खायचंय."

दावा लागला आणि तारखा सुरू झाल्या. नांदेडहून सकाळची एसटी धरायची, लातूरला उतरायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचं. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी समोरचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. पट्टेवाला पुकारा करायचा, पुढची तारीख पडायची, की पुन्हा एसटी. चंद्रप्पा क्वचितच यायचा. भूकंपानंतर तो लातूरला आला होता. दुसरं लग्न केलं, पोरांसाठी तीन मजली होस्टेल बांधलं. पहिल्यांदा तो जिन्यावर दिसला तेव्हा यशोदाबाईचा हात आपोआप पदराकडं गेला. थोरल्या दिरासमोर तिनं कधी उघड्या डोक्यानं वावर केला नव्हता. गीतांजलीनं तिचा हात धरून खाली ओढला.

"त्या माणसासाठी डोकं झाकतीस?"

"सवय हाय गं," यशोदाबाई म्हणाली.

कितीतरी वर्षांनी तिची साक्ष निघाली. तोवर तिचे केस पांढरे झाले होते. तिनं बाजाराचं सांगितलं, एसटीचं सांगितलं, गोठ्यात काय दिसलं ते सांगितलं. मग चंद्रप्पाचा वकील उठला. मोठ्या आवाजाचा नव्हता, गोड बोलणारा होता.

"यशोदाबाई, भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"येरवड्याला."

"तुमचं घर राहिलं?"

"न्हाई."

"त्या घरात झोपलेलं कुणी वाचलं?"

"न्हाई."

"म्हणजे शिक्षा झाली नसती तर त्या रात्री तुम्हीही त्याच घरात असता. बरोबर?"

रुखसार ताडकन उठली. हरकत घेतली. वकील म्हणाला, "साहेब, या खटल्यानं नुकसान झालं असा वादीचा दावा आहे. माझं म्हणणं, नुकसान सोडाच, या बाई आज जिवंत आहेत त्या त्यामुळंच." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी मान वर केली, हरकत फेटाळली आणि उत्तर द्यायला सांगितलं.

"हो किंवा नाही एवढंच सांगा," वकील म्हणाला.

यशोदाबाईनं कठड्याला धरलं.

"हाव," ती म्हणाली. "असते. शिवूपाशी असते."

टंकलेखकानं ते टाइप केलं. 'होय, मी घरात असते.' पुढचं त्यानं लिहिलं नाही. रुखसारनं उठून ते लिहून घ्यायला लावलं.

परतीच्या गाडीत गीतांजली रडत राहिली. यशोदाबाई रडली नाही. "त्या वकिलाचं बी काय चुकलं," ती म्हणाली. "गावातली बी असंच म्हणत्यात. तुझ्या नशिबानं तुला वाचवलं म्हणत्यात."

"आणि तुला काय वाटतं?"

यशोदाबाई खिडकीकडं वळली. अहमदपूर आलं तरी ती बाहेरच बघत होती.

पुढं चंद्रप्पा साक्षीला उभा राहिला. आजारी दिसत होता, सदरा अंगावर लोंबत होता. त्याच्या प्रतिज्ञापत्रात सगळं जुनंच होतं. मी पाहिलं, तिनं ओतलं. रुखसारनं घाई केली नाही.

"तुम्ही कुठं उभे होता?"

"दारात."

"चहात ओतलं की ताकात?"

त्यानं आपल्या वकिलाकडं पाहिलं.

"पोलिसांना चहा म्हणालात, कोर्टात ताक. आज शपथेवर काय म्हणता?"

चंद्रप्पानं एकवार भावजयीकडं पाहिलं. ती डोक्यावर पदर न घेता बसली होती आणि सरळ त्याच्याकडंच बघत होती.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

"ओतताना पाहिलं, हे तरी आठवतं?"

वरचा पंखा करकरत होता. त्याच्या वकिलानं घसा खाकरला.

"आठवत न्हाई," चंद्रप्पा पुन्हा म्हणाला. त्यानं पाणी मागितलं. पट्टेवाल्यानं आणून दिलं, ते त्यानं धरलं आणि प्यायलंच नाही.

निकाल यशोदाबाईच्या बाजूनं लागला. प्रतिवादीनं भरपाई द्यावी असा हुकूम झाला. ती हातात कधी पडणार कुणास ठाऊक; चंद्रप्पाच्या वकिलानं त्याच दिवशी अपिलाचं बोलून दाखवलं. पण रुखसारनं व्हरांड्यात उभं राहून तिला एक ओळ वाचून दाखवली. 'वादी पतीच्या मृत्यूस जबाबदार नसून पूर्णतः निर्दोष आहे, असे हे न्यायालय मानते.'

"पुन्हा वाच," यशोदाबाई म्हणाली.

रुखसारनं पुन्हा वाचलं. मग तिघी कँटीनमध्ये चहा प्यायल्या. गीतांजलीला वाटलं होतं आई काहीतरी बोलेल, हसेल. यशोदाबाईनं फक्त विचारलं, "गावाकडं जाऊन यायचं का?"

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग आणि त्यावर वेड्या बाभळी माजलेल्या. आपली गल्ली कुठली ते तिला सांगता येईना. नवं गाव दूर माळावर वसवलेलं, सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी घरं. कोपऱ्यावरच्या पोरांनी विचारलं, "कुणाकडं आलाव, आजी?" तिनं ओळखीची नावं घेतली. हे भूकंपात गेले, ते भूकंपात गेले, ती मागच्या साली गेली. शेवटी मलप्पाचं नाव निघालं. जुन्या गावात तो त्यांच्या समोरच्या घरात राहायचा.

मलप्पा ओसरीत खाटेवर बसला होता. नजर अधू झालेली. तिनं नाव सांगितल्यावर त्यानं तिचा हात चाचपला.

"यशोदे. जित्ती हायस व्हय."

"हाव, मामा. कोर्टानं निकाल दिला. म्या काय केलं न्हाई म्हणून लिवून दिलं."

"बरं झालं की."

ती थांबली. त्याच्या तोंडून आणखी काहीतरी येईल असं तिला वाटलं. तो सुनेला चहा टाकायला सांगत होता.

"मामा, ऐकलंत ना? म्या इख घातलं न्हाई."

"आगं, ते समद्यांलाच म्हाईत हुतं," मलप्पा म्हणाला. "वीरभद्रानं सोताच पिलं. सकाळी वाटणीवरनं थोरल्यानं त्याला चावडीम्होरं चपलंनं हाणलं न्हाई का? सारं गाव बघत हुतं. तसाच गोठ्यात गेला. तू तर बाजाराला गेलतीस."

गीतांजली उठून उभी राहिली. "आणि तुम्ही सांगितलं नाही? कुणीच?"

म्हातारा आवाजाच्या दिशेनं वळला. "कुणी इचारलंच न्हाई, बाई. आन आपून होऊन कोण जातंय? चंद्रप्पाच्या हिरीचं पाणी प्यायचो समदे."

गीतांजली पुढं बोलणार होती. यशोदाबाईनं तिला खाली बसवलं. मलप्पा मग आपल्या गेलेल्या माणसांची नावं सांगत बसला. थोरली सून, दोन नातवंडं, भाऊ. यशोदाबाईनं ती ऐकून घेतली. चहा आला, तो तिनं घेतला, सुनेच्या हाती कप दिला आणि "येते, मामा," म्हणून बाहेर पडली.

फाट्यावर गाडीची वाट बघताना गीतांजली म्हणाली, "अपिलात या म्हाताऱ्याची साक्ष काढायची. रुखसारला सांगते."

"त्याला दिसत न्हाई धड. कुठं वढतीस कोर्टात."

"तुला राग येत नाही?"

"येतो की." यशोदाबाई दगडावर बसली. "चंद्रप्पावर लई वर्षं केला. आता आख्ख्या गावावर करायचा म्हटल्यावर ताकत कुठून आणू? निम्मं गाव जमिनीत गेलं."

लातूरची एसटी आली ती सुट्टी संपवून परतणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी गच्च भरलेली, पायांत ट्रंका, डब्यांच्या पिशव्या. दोघी कशाबशा आत शिरल्या. कंडक्टरनं मागं सरका, मागं सरका म्हणून ओरडायला सुरुवात केली. यशोदाबाईनं वरचा दांडा धरला. औशापर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही.