डब्यातलं पाणी

गाडी आली की आमची सून आधी बॉनेट उघडत नाही, हे मला अजिबात खपत नाही. स्टेअरिंगखाली वाकते, तिथं एक वायर खुपसते आणि मांडीवरच्या स्क्रीनकडं टक लावून बसते. इंजिन बिचारं पुढं ताटकळतं. रोग्याच्या तोंडाकडं न बघता नुसते कागद वाचणारे डॉक्टर असतात ना, तसलं.

माझं तसं नव्हतं. ह्यांनी गॅरेज काढलं तेव्हापासून मी दाराशी लोखंडी स्टुलावर बसत आले. इंजिन चालू केलं की हे मान वळवून विचारायचे, "काय वाटतं गं?" मी डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, तिसरा प्लग मेलाय, नाहीतर पट्टा सैल आहे. शाळा दुसरीत सुटली, पण कान कधी नापास झाले नाहीत. हे गेले, आणि मुलगा मान वळवायला लागला ती बायकोकडं. "काय म्हणतोय डबा?" डबा म्हणजे गाडीचा मेंदू म्हणे. पुस्तकाएवढी चपटी पेटी, अख्खं इंजिन तिच्या हुकमात. घरातही तेच चाललंय, पण ते असो.

माझ्याकडं एकच काम उरलं. गाडी परत द्यायच्या आधी धुवायची. इंजिनसुद्धा, पाइप धरून, कानाकोपऱ्यातून. ही ह्यांच्या वेळची पद्धत. सून एकदा म्हणाली होती, "आई, इंजिनावर पाणी नका मारू हं. आताच्या गाड्यांना सोसत नाही." त्या दिवशी मी मुद्दाम जास्त वेळ मारलं.

मग एका सकाळी औषधवाल्याची गाडी दोरीनं ओढत आली.

"चार दिवसांपूर्वी तुमच्याकडून सर्व्हिसिंग करून नेली, आणि आज भर चौकात बंद!" तो आल्या आल्या सुरू झाला. "दुकान उघडायचंय मला. लोक दारात उभे आहेत."

मुलानं किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही पकडेना. मी डोळे मिटून ऐकलं. काही कळलं नाही. कुणी विचारलंही नाही, म्हणून अब्रू राहिली.

सुनेनं वायर खुपसली. "डबा उत्तरच देत नाहीये." मग मीटर घेऊन डब्याकडं येणाऱ्या तारा तपासल्या. "वीज पोचतेय, अर्थिंगही ठीक आहे. दुखणं आतच असणार."

तिनं डबा काढला. तारा जिथं जोडतात तिथल्या पिनांवर हिरवट थर चढला होता. टेबलावर नेऊन झाकण उचललं, तर आतून पाण्याचा एक थेंब घरंगळत बाहेर आला.

एकच थेंब. मुलानं भिंतीवरच्या पाइपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पाणी आत गेलंच कसं?" औषधवाल्यानं विचारलं.

"झाकणाची रबरी पट्टी वाकडी बसली होती," सून मान वर न करता म्हणाली. "मीच बसवली होती. माझी चूक."

धडधडीत खोटं. सर्व्हिसिंगच्या दिवशी तिनं तेल बदललं, फिल्टर बदलला, डब्याला बोटही लावलं नव्हतं. मी स्टुलावरून बघत होते.

"तरी म्हटलं," औषधवाला मुलाकडं बघून म्हणाला. "असली कामं बायकांच्या हाती देतात का?"

तिनं ते गिळलं. जुन्या टूथब्रशनं, स्पिरिट लावून हिरवा थर घासला. केस वाळवायच्या यंत्रानं आतली सर्किटची पाटी सुकवली. एका भागाचा पाय गंजून तुटला होता, केसाएवढा. तिनं भिंग लावून त्या जागी नवा भाग बसवला आणि कथलाचा डाग दिला. हात जरासुद्धा हलला नाही. मुलगा शेजारी दिवा धरून उभा होता, श्वाससुद्धा हळू घेत.

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू? हे मला विचारायचे खरं, पण उभ्या जन्मात पान्हा कधी हातात दिला नाही. दिवा तर मीच धरायची.

नवी रबरी पट्टी लावून डबा बसवला. किल्ली फिरवताच गाडी चालू झाली.

"चालू झाली खरी," औषधवाला म्हणाला, "पण पुढच्या वेळी हिच्या हाती—"

मी स्टुलावरून उठले. "पाणी मी मारलं. हिनं नको म्हटलं असताना मारलं. गाडी बंद पाडली बाईनं, चालू केली तीही बाईनं. तू काय केलंस? दोरी बांधलीस."

मुलगा हसू दाबायला गाडीमागं गेला. औषधवाला गाडीत बसला आणि निघून गेला.

सून टेबल पुसत होती. "कशाला सांगितलंत, आई? मी सांभाळून घेतलं होतं ना."

सांभाळून घेतलं! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी भिंतीवरचा पाइप काढला, गुंडाळला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"हे बघ," मी म्हटलं, "हात चांगला आहे तुझा. ह्यांच्यापेक्षाही चांगला. गॅरेज घेतलंस, मुलगा घेतलास, आता हा पाइपही घे. पण माझी चूक घ्यायची नाही. ती मी माझ्या हातानं केलीय."