बॉबिनची अर्धी गोळी

"केस बघा, केस. ही सीट साफ करता करता माझा जन्म जायचा," पुढे बसलेली भावजय पुटपुटली. नवऱ्याशी बोलल्यासारखं, पण मागे नणंदेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

आक्कांनी मांडीवरचं डोकं जरा आत ओढून घेतलं. बॉबिन तेरा वर्षांचा. शिलाई मशीनच्या पायडलपाशी, चिंध्यांच्या ढिगात वाढलेला. आक्कांना मागे ना पुढे, हा एक कुत्रा तेवढा होता.

भावजयीची आई अंथरुणाला खिळली, पगारी बाई महिनाभरही टिकेना, तेव्हा धाकट्या भावाला अचानक बहिणीची माया आली. "एकटी कशाला राहतेस, आक्का?" आक्का काही दुधखुळ्या नव्हत्या. पण सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं, गिऱ्हाइकं तुटली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बॉबिन येईल तर मी येईन. वाटेत त्याचे हाल झाले, तर आहे तिथून माघारी." खोलीची किल्ली त्यांनी अजून मालकाला दिलेली नव्हती.

म्हणून बारा तासांचा रस्ता, आणि कुत्र्याचे असे लाड. त्याला गाडी लागते म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. चारचारदा बजावलं होतं, "अर्धीच. दिवसातून एकदा. हृदय थकलंय त्याचं." पाकीट पुढच्या कप्प्यात, सगळ्यांच्या हाताशी.

या घरात विचारायची पद्धत नव्हती. जो तो आपल्या मनानं करून मोकळा व्हायचा आणि मग वर्षभर ऐकवायचा. आक्कांची आई गेली तेव्हासुद्धा तिघांनी तीन ठिकाणी फुलं सांगितली होती.

निघताना आक्कांनी गोळी मोडायला घेतली. मग भावजयीचं तोंड आठवलं. केकाटला तर बाई दिवसभर सोलून काढेल. त्यांनी सबंधच भरवली.

दुपारी जेवायला थांबले तेव्हा बॉबिननं पाण्याला तोंड लावलं नाही. "झोपू दे," धाकटा म्हणाला. "झोपू दे," भावजयही म्हणाली. दोघांचं एकमत झालेलं आक्कांनी पहिल्यांदाच पाहिलं.

घाट उतरल्यावर भावजय आरशात बघत म्हणाली, "गुणी निघाला हो, वन्सं. हूं नाही की चूं नाही."

"निघेल नाही तर काय," धाकटा खुशीत म्हणाला. "पेट्रोल भरताना पावात घालून चारली एक."

"तुम्ही पण?"

"पण म्हणजे?"

भावजय खिडकीबाहेर बघायला लागली. "जेवणाआधी मी पण दिली होती. कुणकुण करत होता."

कोणी बेरीज केली नाही. आक्कांनी केली. त्यांची एक, धाकट्याची एक, हिची एक. आणि सांगितलेली होती अर्धीच.

कापड उलटं की सुलटं हे न बघता सांगणारी त्यांची बोटं कधीची बॉबिनच्या बरगड्यांवर होती. बोटांना कळून चुकलं होतं. गाडी हलत होती म्हणून तो हलत होता, एवढंच. पण बोललं तर धाकटा गाडी कडेला घेणार, "इथंच कुठंतरी झाडाखाली" म्हणणार. आणि कोणी किती दिली हेही निघणार. आक्का त्याचा कान कुरवाळत राहिल्या. कान गार पडला होता.

"आक्का, पाय अवघडले असतील. मागे डिकीत गादी टाकू का त्याला?" धाकट्यानं मान न वळवता विचारलं.

"राहू दे."

"एसी वाढवा जरा," भावजय म्हणाली. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मुकाट वाढवला. थोड्या वेळानं तिनं पदर नाकाशी धरला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर निवांत झोपेल हो. आईलाही सोबत होईल." धाकट्यानं वेग वाढवला. माघारी फिरायचे दोन फाटे येऊन गेले. आक्कांनी दोन्ही पाहिले.

बिल्डिंगच्या फाटकाशी राखणदार वही घेऊन आला. दिवसभर उभं राहून वैतागलेला माणूस. त्यानं मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं.

"किती जण?"

"आम्ही तिघं. आणि कुत्रा," धाकटा घाईनं म्हणाला. "झोपलाय."

"चावतो का? पाळीव जनावराची वेगळी नोंद असते."

"छे हो, फार गरीब आहे," भावजय म्हणाली. "फाटक उघडा ना, वन्सं दमल्यात."

आक्कांनी काच खाली केली.

"तिघंच लिहा," त्या म्हणाल्या. "कुत्रा मेलाय. आम्ही तिघांनी मिळून मारलाय त्याला."