पोलादपूरचा एकमेव वाचक

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नूतनच्या ब्लॉगवरचा आकडा शून्याचा एक झाला. वाचन : एक. ठिकाण : पोलादपूर.

उंबराखालच्या दगडावर बसून तिने फोन डोळ्यांजवळ नेला. गेले अकरा दिवस हेच चालले होते. सकाळी लॅपटॉपवरून मजकूर टाकायचा, फोनवर पान उघडून तो नीट दिसतो का ते पाहायचे, मग आकडा पाहायचा. आणि रोज, बरोबर त्याच सुमारास, पोलादपुरातल्या कुणीतरी तो वाचलेला असायचा. ब्लॉगचा पत्ता तिने कुणालाही दिला नव्हता.

"आला का गो तुझा वाचक?" रामजीने गोठ्यातून विचारले.

"आला, बाबा."

"कोण हाय ते कळू दे तरी. एक दिवस जेवायला बोलवू."

"आधी लगीन झालंय का इचारा," तिची आई जनी चुलीपासून म्हणाली. "मग जेवायचं बघू."

नूतन हसली, पण विचार तिच्याही डोक्यात घोळत होता. खाली पोलादपुरात झेरॉक्सचे दुकान चालवणारी अंकिता? शाळेतला सोबती राजेश? दोघांनाही तिने फोन करून आडून आडून विचारले होते. दोघांनाही काही ठाऊक नव्हते.

आंबेनळीच्या रस्त्यापासून पाऊण तास चढल्यावर त्यांची वाडी येते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मोबाइल ॲप बनवण्याचे काम नूतन वर्षभर इथूनच करत होती. तिच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण बोलण्याची होती. "तू काय केलंस ते तुझ्याशिवाय कुणालाच कळत नाही," तिचा वरिष्ठ विनीत महिन्यामागे म्हणाला होता. "रोज थोडं लिहीत जा. ब्लॉग काढ. नाहीतर तुला इथे ऑफिसात बसवावं लागेल." तिने वाडीतच राहायचे की पुण्याला जायचे, याचा निकाल उद्या, शुक्रवारी अकराच्या बैठकीत होता. बुधवारी ॲप चाळीस मिनिटे बंद पडले होते. बिघाड तिनेच शोधला, तिनेच दुरुस्त केला. तो का झाला, हे उद्या तिने सगळ्यांना समजेल असे सांगायचे होते.

आजचा मजकूर त्यावरच होता. अकराशे शब्द. दुपारी तिने तो रामजीला वाचून दाखवला. दावे वळता वळता त्याने शेवटपर्यंत ऐकले.

"झ्याक हाय. पण ह्ये सांगतीस कोणाला?"

"वाचणाऱ्याला."

"त्याचं नाव काय?"

नूतनने लॅपटॉप मिटला.

चार वाजता लक्षात आले, की म्हशीची तरणी वगार कळपात नाही. ती पलीकडच्या वाडीत गेली असणार, हे रामजीला न सांगताच कळले. पलीकडे फोन लागत नाही. तो दरीच्या काठावर गेला आणि तोंडाला हात लावून त्याने तिथल्या चांगूला हाळी दिली.

"चांगू रेऽऽ!"

क्षणभराने समोरून आवाज आला.

"ओ दिली की. सांगा ना पुढचं," नूतन म्हणाली.

"ती कड्याची. माझाच आवाज फिरून आलाय." रामजी हलला नाही. त्याने पुन्हा हाळी दिली आणि थांबला. बऱ्याच वेळाने दरीच्या त्या अंगाने बारीक आवाज आला, "ओऽऽ!"

"वगार आली काऽऽ?"

पुन्हा थांबणे.

"आलीऽऽ!"

"बांधून ठेऽऽव!"

पलीकडून "ठेवतोऽऽ" आल्यावरच तो काठावरून मागे सरला.

"सगळं एकदम का नाय सांगत?" हे नूतन जन्मल्यापासून ऐकत आली होती. विचारले आज पहिल्यांदा.

"पयलं पोचलं का नाय ते कळल्याबिगर दुसरं कशाला वाया घालवायचं?" रामजी म्हणाला. "आन कडा काय, कुणालाबी ओ देतो. ल्हानपणी तू तासतासभर बोलायचीस त्याच्यासंगं. तुझ्या आयला वाटायचं, पलीकडं मैतरीण हाय."

तो गोठ्याकडे गेला. नूतन काठावरच उभी राहिली. मग तिने फोन काढला, स्वतःचे पान उघडले, मिटले आणि आकडा पाहिला.

वाचन : दोन. ठिकाण : पोलादपूर. वेळ : चार वाजून बावीस मिनिटे.

लॅपटॉपवरचे स्वतःचे वाचन मोजले जाऊ नये अशी व्यवस्था तिने पहिल्याच दिवशी केली होती. फोन राहून गेला होता, आणि त्याला टॉवर मिळायचा तो पोलादपूरचा.

"काय झालं गो?" जनीने विचारले.

"काय नाय. जेवायला कोणी येणार नाय."

संध्याकाळी दिवे लागण्याआधी तिने फोनही मोजणीतून काढला आणि अकराशे शब्द पुसले. नव्या मजकुराच्या पहिल्या ओळीत फक्त "विनीत सर," एवढेच होते. त्याखाली बिघाडाबद्दल चार वाक्ये. ब्लॉगचा पत्ता तिने विनीतला पाठवला आणि सोबत लिहिले, "एवढं वाचून काय कळलं ते एका ओळीत सांगाल का? मग पुढचं लिहिते."

पाठवून झाल्यावर तिला वाटले, वरिष्ठाला असे विचारतात का? पण गेलेली हाळी परत घेता येत नाही.

शुक्रवारी साडेदहापर्यंत आकडा शून्य होता. दहा बावन्नला तो एक झाला. ठिकाण : पुणे.

रामजी वगार घेऊन परत आला होता. उंबराजवळ तो थांबला.

"ओ आली?"

"पोचलंय. ओ नाय आली अजून."

"मग थांब."

पुढचा परिच्छेद तिच्याकडे तयार होता. तो पाठवण्यासाठी उचललेले बोट तिने मागे घेतले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. दहा अठ्ठावन्नला विनीतच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असे उमटले. अकरा वाजले, तेव्हाही ती अक्षरे तिथेच होती.